कोंडाजी मंजनवाल्याचा शनिवारचा तास

कोंडाजी शेडगेला राग यायला कारण लागत नसे. पण कारण असलंच तर ते बहुतेक करून दातांचं असे. बावीस वर्षं त्यानं पौड, घोटवडे, सूस, भूगाव अशा गावांतून दंतमंजन विकलं. खांद्याला पत्र्याची पेटी, गळ्यात डफ, डोक्याला गुलाबी फेटा आणि तोंडात अशी भाषा, की ऐकणाऱ्याचा धडका दातही ठणकायला लागावा. एकदा घोटवड्याच्या बाजारात एका गवळ्यानं पुडी हुंगली आणि "ह्यात विटकर दिसतीया," एवढंच म्हटलं. कोंडाजीनं ती पुडी त्याच्या पांढऱ्या टोपीवर रिकामी केली. "घे, आता टोपी घास," म्हणाला. गवळी तांबडी टोपी घालून घरी निघाला आणि बायकोला काय सांगावं याचा विचार करत वाटेत दोनदा बसला.

मंजनाची कृती, कोंडाजीच्या सांगण्याप्रमाणे, हिमालयातल्या एका साधूची होती. बारा वनस्पती, बारा वर्षांचं तप, आणि सरतेशेवटी साधूनं ते गुपित एकट्या कोंडाजीच्याच कानात का सांगितलं, हे कुणी विचारायच्या आत डफ वाजायचा. आता हिमालय उत्तरेला आहे हे खरं. पण उत्तरेकडे कोंडाजीची मजल आळंदीपर्यंतच गेली होती.

हे मंजन त्याची बायको साळूबाई घरच्या उखळात कुटायची. स्वतः मात्र ती जन्मभर मशेरीच लावत आली. कोंडाजी चिडायचा. "घरात पोतंभर मंजन, आन् तू तमाखू जाळून दाताला फासतीस. लोक काय म्हंतील?"

"लोकांनी उखळ बघितलं न्हाई," साळूबाई म्हणायची. "मी बघितलंय."

पुढं गुडघ्यानं दावा साधला आणि फिरणं थांबलं. पत्र्याच्या पेटीत साळूबाईनं कोंबडी बसवली. कोंडाजीला तो मोठा अपमान वाटला. अंडी खाताना मात्र तो तेवढा आठवत नसे.

एक सल तेवढा राहिला होता. कोंडाजी शाळेत दुसरीपर्यंतच गेलेला. पुढचं सगळं वाचन त्यानं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर केलं. गूळ आणायला गेला की गुळाआधी कागद बघायचा, आणि वर्तमानपत्राचा अर्धाच तुकडा आला तर उरलेल्या अर्ध्यासाठी वाण्याशी भांडायचा. वाचलेलं सगळं त्याच्या ध्यानात होतं. कायदे, भाषणं, टॉनिकच्या जाहिराती, कोर्टातले निकाल. एवढं असून गाव त्याला म्हणे मंजनवाला. पोरं म्हणत मंजनआबा. आणि परगावाहून आलेला, मिसरूड न फुटलेला कुणीही ट्रेनिंगवाला शाळेत रुजू झाला की पहिल्या दिवसापासून मास्तर. कोंडाजीला त्या एका शब्दाची भूक होती. बोलून दाखवायचा नाही, पण होती.

मग बासष्ट सालची दिवाळी तोंडावर आली आणि चीनची लढाई लागली.

रेडिओ गावात एकच, पण बातम्या घरटी चार. त्यातली सगळ्यात मोठी बातमी पिठाच्या गिरणीत आली. कुशाबा गिरणीवाल्यानं पट्टा थांबवून सांगितली, म्हणजे ती तशीच मोठी असणार. "चिन्यांची इमानं येणार. मुळशीचं धरान फोडनार. पिरंगुटातली मान्सं भांडीकुंडी घिऊन डोंगराला लागली."

पुण्यात धरणफुटीचा पूर येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. धरण म्हटलं की लोक गाठोडं बांधायला लागायचे. बाया डबे तिथंच टाकून घराकडं पळायला निघाल्या. कोंडाजी गिरणीच्या दारात उभा होता. त्यानं काठी आडवी धरली.

"कुशाबा, तुला कुणी सांगितलं?"

"कोंबड्यांच्या येपाऱ्यानं. सायकलवर आलता."

"त्यानं इमान बघितलं?"

"न्हाई, ऐकलं म्हणाला."

"आन् सांगून झाल्यावर काय केलं त्यानं?"

कुशाबानं टोपीवरचं पीठ झटकलं. "माज्या चार कोंबड्या घेतल्या. म्हणाला, डोंगरावर कुटं सांभाळशील."

"निम्म्या भावात?"

कुशाबानं पट्टा चालू केला. गिरणीचा आवाज एवढा मोठा कधी झाला नव्हता.

पीठ दळायला आलेले वाल्मीक गुरुजी कोपऱ्यात उभे राहून हे बघत होते. हे सातवीचे मास्तर, नाकासमोर चालणारे, पण डोक्यानं जागे. ते कोंडाजीच्या मागोमाग घरापर्यंत आले. "कोंडाजीबाबा, शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटचा तास माझ्या वर्गावर घ्याल का? आत्ता केलंत ना, तेच पोरांना शिकवा."

"काय केलं मी?"

"बातमीची शेपटी धरून मालकापर्यंत गेलात."

कोंडाजीनं "बघू" म्हटलं. मग कोंबडी पेटीतून हुसकली, पेटी धुतली आणि फेट्याला नीळ घालू का म्हणून साळूबाईला विचारलं.

"गुलाबी फेट्याला नीळ?" साळूबाई म्हणाली. "जांबळं होऊन जाताल शाळंत."

पहिल्या शनिवारी त्यानं शिकवलं काहीच नाही. नुसता डफ वाजवला आणि मंजन विकलं. साधू आला, हिमालय आला, दातातली कीड आली. ती कीड रात्री हिरडीतून मेंदूकडं कशी चढते हे त्यानं बोटं चालवून दाखवलं, तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोघांनी तोंड मिटून घेतलं. मग म्हणाला, पाचच पुड्या उरल्यात, सूसच्या लोकांनी बाकीच्या उचलल्या. "कुणाला पायजे?" तीसच्या तीस हात वर. वाल्मीक गुरुजींचाही हात खांद्यापर्यंत आलेला. त्यांनी तो डोकं खाजवायला वळवला.

कोंडाजीनं पुडी उघडून दाखवली. आत काही नव्हतं.

"आता सांगा, कुटं फसलात?"

पोरं रिकामी पुडी हातोहात फिरवू लागली. मग कोंडाजीनं आपला बावीस वर्षांचा धंदा नांगरून टाकावा तसा त्यांच्यासमोर उलथा केला. डफ का? गावात डफ कधी वाजतो? दवंडीला. सरकारी हुकूम आला की. म्हणून डफ ऐकला की माणूस विकत घ्यायला येत नाही, हुकूम ऐकायला येतो; आणि हुकमाला कुणी भाव विचारत नाही. कीड का? भ्यायलेला माणूस हिशेब करत नाही. साधू का? तो हजर नसतो, त्याला उलटं विचारता येत नाही. सूसची माणसं का? शेजाऱ्यानं घेतलं आणि आपण मागं राहिलो, हे दुखणं दातापेक्षा वाईट. आणि पाचच पुड्या का, तर घरी जाऊन बायकोला विचारायला सवड मिळू नये.

"कुनीबी काईबी मोठ्यानं सांगाया लागला, की तीन गोष्टी इचारायच्या," कोंडाजी म्हणाला. "सांगतंय कोन? त्यात त्याचं काय? आन् सांगायचं काय ठिवलं?"

पोरांनी ते पाटीवर लिहून घेतलं. लिला नावाची एक पोर होती, किरकोळ, टोकदार हनुवटीची. घंटा झाल्यावर दारात थांबून ती म्हणाली, "येते मास्तर."

कोंडाजी त्या दिवशी भाकरी कमी जेवला. साळूबाईनं विचारलं तर म्हणाला, पोट भरलंय.

पुढचे शनिवार असेच गेले. वाण्याकडचे कागद वर्गात येऊ लागले. वनस्पती तुपाच्या चित्रातली बाई स्वयंपाक करताना दागिने घालून का हसते, टॉनिक पिण्याआधीचा आणि प्यायल्यानंतरचा माणूस एकच आहे का दोन भाऊ, यावर वादविवाद झाले. मग एका पोरानं लढाईचं एक छापील चित्रपत्रक आणलं. त्यात शत्रूच्या तोंडाबाहेर चार सुळे होते.

"चिन्यांचं दात आसंच आसत्यात," पोरगा म्हणाला.

"तू बघितलंस?"

"चित्रात."

"काढनारानं तरी बघितलंय का? अरं, बावीस वर्सं दातात गेली माजी. आसं दात मानसाला येत न्हाईत. त्यो राकुस काढला की तुला इचार करायचं काम उरत न्हाई, म्हणून काढलाय."

वर्ग हसला. लिला हसली नाही. ती उभी राहिली. "मंग लढाईबी खोटीच का? माजा नथूदादा हाय तितं. सव्वा म्हैना झाला, पत्र न्हाई."

कोंडाजीनं डफ बाजूला सारला. त्यानं फेटा काढून टेबलावर ठेवला.

"लढाई खरी," तो म्हणाला. "तुजा दादा खरा. तितली थंडी खरी, तुज्या आईचा घोर खरा. आगं, म्हणून तर जपायचं. नुसत्या खोट्याला पाय नसत्यात. ते खऱ्याच्या पाठुंगळी बसून येतं."

आता शिकवणं शाळेत राहतं तर बरं होतं. पण पोरं ते घरी नेऊ लागली आणि घरोघर कहर झाला. सासूच्या नवसाला, जावयाच्या नोकरीला, सगळ्याला तीन प्रश्न. गेणबा हा गावातला मोठा बागाईतदार. त्यानं शाळेला छपराचे पत्रे दिले होते, त्यामुळं छपराखालचं सगळं आपलंच अशी त्याची समजूत. तरणेपणी आपण आखाड्यात एका नामी पैलवानाला चीत केलं, हे तो रोज जेवताना सांगायचा. एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, सांगतंय कोन, तुमीच. बघनारा कुनी हाय का?"

गेणबा ताट सारून थेट शाळेत आला. "गुरुजी, लढाईचा वकुत हाय. अशा वक्ताला पोरांना परश्न शिकवायचं म्हंजी शत्रूला वाट दावायची. फुडल्या शनवारी मंजनवाला हितं दिसला, तर पत्रं उतरून नेईन."

कोंडाजीनं हे ऐकलं तेव्हा तो एवढा लाल झाला, की फेटा फिका दिसायला लागला. पण पत्रे गेणबाचे होते आणि पोरं पत्र्याखाली बसत होती. "तुमी काय करायचं ते तुमी करा," असं गुरुजींना सांगून तो घरी गेला आणि पेटीत परत कोंबडी बसवली.

त्या पुढच्या शनिवारी शाळा सुटायच्या सुमाराला लॉरी आली. पौडच्या रस्त्यानं धुरळा उडवत थेट देवळासमोर. लॉरीच्या अंगावर बर्फाचा डोंगर, बंदूक घेतलेला जवान, त्याचे पांढरेशुभ्र दात, आणि खाली लिहिलेलं, 'सरहद्द छाप दंतमंजन'. पाटलोण घातलेला एक माणूस टपावर चढला. त्याच्या हातात कर्णा होता, पण त्यानं आधी उचलला तो डफ.

डफ वाजला आणि गाव जमला. दवंडीच ती. बाया हातातलं काम टाकून आल्या.

घरात कोंडाजीनं कान टवकारले. "ही माजी थाप हाय," तो साळूबाईला म्हणाला. "दोन आकूड, एक लांब. ही मी बुधाला शिकवलीया."

बुधा हा दोन वर्षं त्याच्या जोडीनं बाजार फिरलेला. पुढं पुण्याला गेला आणि मोठा झाला, म्हणजे लॉरीवर चढला. कोंडाजी लंगडत देवळापाशी पोचला तेव्हा बुधाचा रंग चढला होता. "तिकडं बर्फात आपला जवान उभा हाय. हितं आपुन काय करतोय? घरटी एक डबा घ्या. डबा तुमचा, पुण्याई जवानाची. सूसमदी एक घर ऱ्हायलं न्हाई."

गेणबाला त्यानं टपावर घेतलं होतं, गळ्यात हार, हातात डबा, आणि लॉरीतून आलेला फोटोवाला खालून फोटो काढत होता. गेणबानं दोन डझन डबे घेतल्याचं कर्ण्यातून तीनदा जाहीर झालं. मग काय, रांग लागली. कुणी म्हणे न घेतला तर नाव लिहून नेतात. कुणी म्हणे सरकारचाच हुकूम आहे, डफ ऐकला नाही का.

रांगेत पहिली उभी होती रत्नाबाई, लिलाची आई. ती म्हणाली, "दोन द्या दादा. माजा नथू तितंच हाय. त्याला पोचंल का ह्यातलं काई?"

"थेट त्यालाच पोचंल, मावशी."

रत्नाबाईचा हात पदराच्या गाठीकडं गेला. बावीस वर्षं कोंडाजी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न बघता त्या गाठीकडं बघत आला होता. गाठ सुटली, की डफ थांबवायचा. आज पहिल्यांदा त्याला ती सुटू नये असं वाटलं. तो पुढं सरकला, पण लिला आधी पोचली. तिनं आईच्या हातावर हात ठेवला आणि वर बघून विचारलं, "दादा, तुमी कोन? डबा खपला तर तुमचं काय? आन् नथूदादाला पोचतंय त्याचा कागुद कुटाय?"

मागं सातवीचा वर्ग उभा राहिला होता. बुधानं डफ काखेत मारला. मग त्याची नजर गुलाबी फेट्यावर गेली आणि तो हसला.

"आसं व्हय. कोंडाजीदादाची शाळा हाय का ही? मंडळी, ह्या पोरांचा गुरू कोन बघा. हिमालयातल्या साधूचं मंजन इकनारा. दादा, सांगा की त्यांना, त्या मंजनात काय हुतं."

टपावरून गेणबा म्हणाला, "सांग की, मंजनवाल्या."

सगळ्या माना फिरल्या. लिलाचीही. कोंडाजीला ती नजर ओळखीची होती. त्यानंच शिकवली होती. सांगतंय कोण. त्यात त्याचं काय. सांगायचं काय ठेवलं.

गवळ्याच्या टोपीवर ओतायला आज पुडी नव्हती. काठीवरची मूठ आवळली, सैल झाली. साधू राखावा तर रत्नाबाईची गाठ सुटते. साधू सोडावा तर 'मास्तर' जातो.

"विटकर," कोंडाजी म्हणाला. "विटकर, खडू आन् वासापुरता कापूर. साधू कुटला न्हाई. हिमालय म्या कॅलेंडरावर बघितलाय. बावीस वर्सं तुमाला विटा चारल्या. आता बुधा, माजं झालं. तुजं सांग. कागुद दाव."

कुणी हसलं नाही. मग मागून म्हातारी धोंडाबाई म्हणाली, "आमाला काय ठावं नव्हतं व्हय? मी तर त्यानं तांब्याची भांडी घासायची. लई लखलखायची."

तेव्हा मात्र सगळा गाव हसला, आणि त्या हसण्यात रांग विस्कटली. रत्नाबाईनं गाठ परत घट्ट मारली. बुधानं कागद शोधतोय असं करून लॉरीचं दार उघडलं, आत बसला आणि ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. गेणबा घाईनं टपावरून उतरला, हारासकट.

कोंडाजी घरी गेला तो आठवडाभर दाराबाहेर आला नाही. साळूबाईनं समजावलं, शेजाऱ्यांनी समजावलं. "बावीस वर्सांचं नाव गेलं," म्हणायचा. साळूबाई म्हणाली, "नाव कसलं, विटकरच ती." शनिवारी वाल्मीक गुरुजी स्वतः आले आणि म्हणाले, गेणबांनी पत्रे राहू द्या म्हणून निरोप पाठवलाय, दोन डझन डब्यांबद्दल कुणी काही विचारू नये एवढीच अट आहे.

कोंडाजी गेला. पोरं आता टाळ्या वाजवतील अशी त्याची थोडी अपेक्षा होती. थोडी कशाला, चांगलीच होती. साळूबाईनं फेटाही धुऊन दिला होता. वर्गात शिरला तर सगळे शांत, आणि फळ्यावर लिलाच्या अक्षरात लिहिलेलं: 'कोंडाजीबाबांनी खरं का सांगितलं? त्यात त्यांचं काय?'

"ह्ये काय?" कोंडाजीचा आवाज चढला.

लिला उभी राहिली. "आमी इचार केला. तुमी स्वताचं खोटं कबूल केलं, म्हणून लोकांनी तुमचं बाकीचं सगळं डोळं झाकून खरं मानलं. बुधाला तर कुनी बोलूबी दिलं न्हाई. म्हंजी ही पन एक तऱ्हाच झाली की. तुमी ती शिकवली न्हाई आमाला. सांगायचं ठिवली."

कोंडाजीनं फळ्यावरचं परत एकदा वाचलं. त्याचे कान तापले. बावीस वर्षांत त्याला असा गवळी भेटला नव्हता. काठी आपटून निघून जावं असं त्याच्या मनात आलं, आणि तो दारापर्यंत गेलाही. तिथं थांबला.

"मला ती ठावंच नव्हती," तो म्हणाला. "तवा मला ती गाठ दिसत हुती. दुसरं काई दिसलं न्हाई."

"आन् तुमचं काय हुतं त्यात?" लिलानं सोडलं नाही.

कोंडाजीनं वाल्मीक गुरुजींकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"तू मला मास्तर म्हणाली हुतीस," तो पुटपुटला. "त्ये टिकावं आसं वाटत हुतं. खोटं बोलून टिकलं नसतं, म्हणून खरं बोललो. जा, लिव फळ्यावर."

लिलानं ते तसंच लिहिलं, एक अक्षर न गाळता. मग खडू हातात धरून ती मागं वळून बघू लागली, पुढं काय करायचं ते तिला कळेना. कोंडाजी पहिल्या बाकाकडं आला, दोघांना सरकायला सांगितलं आणि दुखरा गुडघा बाहेर काढून बसला. "आता तू शिकिव," म्हणाला. "कबूल करून फसवायची तऱ्हा. दुसरीनंतरची शाळा ऱ्हायलीया माजी."

नथूचं पत्र पौषात आलं. थंडीनं हात सुजलेत, बाकी बरा आहे, असं होतं. मंजनाचा उल्लेख त्यात नव्हता. लिलानं ते वर्गात वाचून दाखवलं तेव्हा कोंडाजीनं अक्षर नथूचंच आहे का एवढं एकदा विचारलं, आणि मग फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. पुढच्या बेंदराच्या सणाला गेणबाच्या बैलांची शिंगं गुलाबीसर पांढरी दिसली आणि त्यांना कापराचा वास येत होता. दोन डझन डब्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. ठरलंच होतं तसं.

लिलानं शिकवलं त्या शनिवारी मात्र कोंडाजी घरी आल्यावर साळूबाईनं त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "मंग, आता काय म्हनायचं तुमाला? मास्तर का मंजनवालं?"

"पोरांना इचार," कोंडाजी म्हणाला. "माज्या तोंडाचं काय खरं धरतीस?"